गाठीतले प्रथिन करते काय?



ज्या शिक्षकांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, ते रसायनशास्त्र शिकवत. म्हणून मी आज वैद्यकाचा विषय घेतला असला तरी बोलणार आहे ते रसायनशास्त्राबद्दलच. विषय आहे त्वचेच्या कर्करोगात आढळणारी प्रथिने आणि ती प्रत्यक्षात करत असलेले काम.

‘कर्करोगाचे प्रथिन सापडले’ अशी बातमी आपण वर्षातून दोनचारदा तरी वाचतो. घरात कुणी आजारी असेल तर ती कापून ठेवतो आणि डॉक्टरांना दाखवतो. या बातमीत बहुधा तीन वेगळी विधाने एकमेकांत मिसळलेली असतात. हे प्रथिन गाठीत आढळते, हे पहिले. हे प्रथिन अमुक काम करते, हे दुसरे. आणि गाठ त्या कामावर जगते, हे तिसरे. पहिले सिद्ध करणे तुलनेने सोपे आहे. दुसऱ्याला कधीकधी तीस-तीस वर्षे लागतात. तिसरे पुष्कळदा टिकतच नाही. औषध मात्र तिसऱ्यावर उभे असते. आजच्या व्याख्यानात मी ही तीन विधाने एकमेकांपासून सुटी करून दाखवणार आहे, आणि त्यासाठी मेलॅनोमा हा कर्करोग निवडला आहे. तो रंगपेशींचा कर्करोग. या पेशींचे रसायनशास्त्र उघड्या डोळ्यांना दिसते, कारण त्यातून निघणारा पदार्थ काळा असतो.

आपल्या बाह्यत्वचेच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या पेशी विखुरलेल्या असतात. त्यांना मी रंगपेशी म्हणेन. गोऱ्या आणि सावळ्या माणसाच्या त्वचेत त्यांची संख्या जवळपास सारखीच असते. त्या किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन बनवतात, त्यावर वर्ण ठरतो. हे काम घडवणारा मुख्य विकर, म्हणजे एन्झाइम, आहे टायरोसिनेज. टायरोसीन हे अन्नातून मिळणारे साधे अमिनो आम्ल. टायरोसिनेज त्याचे डोपा करतो आणि डोपाचे लगेच डोपाक्विनोन. पुढच्या पायऱ्या काही आपोआप घडतात, काही इतर विकर घडवतात, आणि शेवटी मेलॅनिन तयार होते. टायरोसिनेजच्या गाभ्यात तांब्याचे दोन अणू असतात आणि प्रत्येकाला तीन-तीन हिस्टिडीन (हेही एक अमिनो आम्ल) धरून ठेवतात. चिरलेले वांगे काळे पडते ते याच कुळातल्या तांबेधारी विकरामुळे, आणि आपण फोडी पाण्यात टाकतो त्या हवेतला ऑक्सिजन त्याला कमी मिळावा म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये बुर्कलो आणि बर्त्रां यांनी टायरोसिनेज पहिल्यांदा ओळखला, तो कापल्यावर काळ्या पडणाऱ्या अळंब्यांत.

माणसाच्या त्वचेत हे काम प्रथम दाखवले ते ब्रूनो ब्लोख या स्विस त्वचारोगतज्ज्ञाने, १९१७ मध्ये. घेवड्याच्या एका जातीपासून काढलेले डोपा त्या सुमारास उपलब्ध झाले होते. आपल्याकडच्या खाजकुइलीच्या बियांतही तेच डोपा भरपूर असते. ब्लोखने त्वचेचे पातळ काप डोपाच्या द्रावणात ठेवले. काही तासांत रंगपेशी, आणि फक्त रंगपेशी, काळ्या झाल्या. हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. पेशीत अमुक पदार्थ आहे एवढेच सांगून ब्लोख थांबला नाही. पेशीला कच्चा माल दिला आणि ती काय करते ते पाहिले. प्रथिनाचे अस्तित्व आणि प्रथिनाची क्रिया यांतला फरक त्या एका कापावर दिसतो. पुढे मेलॅनोमाच्या गाठींवरही हीच चाचणी होऊ लागली.

टायरोसिनेजचे काम धोक्याचे आहे. क्विनोन हे तापट रेणू असतात आणि जवळच्या प्रथिनांना चिकटतात. म्हणून रंगपेशी हा सगळा उद्योग मेलॅनोसोम नावाच्या बंदिस्त पिशवीत करते. पण बाहेरून एखादे फिनॉलवर्गीय रसायन आले तर टायरोसिनेज त्यालाही टायरोसीन समजून कामाला लागतो. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या एका चर्मोद्योगातल्या कामगारांच्या हातांवर पांढरे चट्टे उठले. कारण निघाले त्यांच्या रबरी हातमोज्यांतले हायड्रोक्विनोनचे एक संयुग. जपानमध्ये २०१३ साली त्वचा उजळवणारी काही प्रसाधने बाजारातून मागे घ्यावी लागली. त्यांतल्या ऱ्होडोडेन्ड्रॉलने हजारो स्त्रियांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर पांढरे डाग पडले होते. ते रसायन स्वतः तसे निरुपद्रवी. टायरोसिनेजने त्याचे क्विनोन केले की विष. म्हणजे त्या स्त्रियांच्या रंगपेशी स्वतःच्याच विकराच्या कामामुळे मेल्या.

आपल्याकडे टिकलीखालच्या डागांची तक्रार त्वचारोगतज्ज्ञांना नवी नाही. टिकलीच्या गोंदात आणि काही रबरी चपलांत असणारे एक ब्युटिलफिनॉल त्याला कारण ठरते, हे भारतीय डॉक्टरांनीच दाखवले. त्याचा संबंध आज मी ज्या प्रथिनाची गोष्ट सविस्तर सांगणार आहे त्याच्याशी लागतो.

ती गोष्ट न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत सुरू होते. लॉइड ओल्ड आणि त्यांचे सहकारी एक प्रश्न विचारत होते: मेलॅनोमाच्या रुग्णाचे रक्त स्वतःच्याच गाठीला ओळखते का? १९८३ मध्ये त्यांनी एका रुग्णाच्या रक्तातले असे प्रतिपिंड नोंदवले, जे रंगद्रव्य असलेल्या मेलॅनोमा पेशींतून एक साखरयुक्त प्रथिन नेमके वेचून काढत होते. त्याचे रेणुवजन सुमारे ७५ हजार, म्हणून नाव पडले जीपी-७५. पहिले विधान सिद्ध झाले. प्रथिन गाठीत आहे, आणि रुग्णाच्या शरीराला ते ठाऊक आहे.

पण ते आहे काय? उत्तर आले उंदरांकडून. उंदरांच्या पैदाशीत काळा आणि तपकिरी हे भेद विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अभ्यासले जात होते आणि तपकिरी रंगाच्या जनुकस्थानाला ‘बी’ म्हणत. १९८६ मध्ये उंदराच्या टायरोसिनेजचे जनुक मिळाले म्हणून एक क्रम प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी एडिंबरोच्या इयन जॅक्सन यांनी दाखवले की तो क्रम टायरोसिनेजचा नाहीच. तो बसतो तपकिरी रंगाच्या स्थानावर. टायरोसिनेजशी त्याचे साम्य इतके की ओळख चुकली. मग १९९० मध्ये स्लोन-केटरिंगमध्येच विजयसारथी, बुशार आणि हॉटन यांनी रुग्णाच्या प्रतिपिंडांनी जीपी-७५ शुद्ध केले, त्याचे तुकडे वाचले आणि त्याची गाठ त्या उंदराच्या प्रथिनाशी घालून दिली. ज्याला इतकी वर्षे मेलॅनोमाचा प्रतिजन, म्हणजे प्रतिकारयंत्रणेला दिसणारी खूण, म्हणत होते, ते उंदराला काळा करणारे साधे, रोजचे प्रथिन निघाले. गाठीने नवे काही निर्माण केले नव्हते. रंगपेशीची जुनी सामग्रीच ती वापरत होती, आणि शरीर तिच्याविरुद्ध उठले होते.

दुसरे विधान अजून बाकी होते. टायरोसिनेजसारखे दिसणारे हे प्रथिन विकर आहे का, आणि असेल तर कशाचा? १९९० मध्येच येल विद्यापीठातून रूथ हलाबान आणि मोएलमन यांनी लिहिले की ते कॅटलेज आहे, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड फोडते. ही कल्पना आकर्षक होती, कारण मेलॅनिन बनताना पेरॉक्साइड निघते आणि त्याचा निचरा कुणीतरी करायला हवा. पण ती टिकली नाही. १९९४ मध्ये स्पेनमधल्या मुर्सियाच्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदराच्या प्रथिनावर काम करून वेगळे उत्तर दिले: मेलॅनिनच्या अलीकडच्या पायरीवर डायहायड्रॉक्सिइंडोल-कार्बोक्सिलिक आम्ल नावाचे संयुग असते, त्याचे ऑक्सिडीकरण हे प्रथिन करते. त्याच संयुगाच्या आधीची पायरी सांभाळणारे तिसरे भावंड, डोपाक्रोम टॉटोमरेज, १९९२ मध्ये ओळखले गेले होते. तेव्हा तिन्ही प्रथिने एका ओळीत नीट बसली असे सगळ्यांना वाटले. पाठ्यपुस्तकांत तशी आकृती आली आणि अजूनही छापली जाते.

१९९८ मध्ये बॉइसी आणि सहकाऱ्यांनी माणसाचे प्रथिन घेऊन तीच चाचणी केली. माणसाचे जीपी-७५ ते काम करीना. उंदराचे करते, माणसाचे नाही. त्याच काळात आणखी एक निरीक्षण पुढे आले: हे प्रथिन सोबत असले की टायरोसिनेज अधिक काळ टिकतो. मग ते विकर आहे, की टायरोसिनेजचा रखवालदार? २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या प्रयोगशाळेतून डाइकस्ट्रा आणि सहकाऱ्यांनी मानवी प्रथिनाची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. ज्या खोबणीत टायरोसिनेजचे दोन तांब्याचे अणू असतात, तिथे या प्रथिनात जस्ताचे दोन अणू बसलेले आढळले. तांबे इलेक्ट्रॉनांची देवघेव करते म्हणून ऑक्सिडीकरण जमते. जस्ताला ती देवघेव जमत नाही. घडण जवळजवळ तीच, हिस्टिडीन त्याच जागी, पण धातू वेगळा आणि म्हणून काम वेगळे. १९८३ ते २०१७, चौतीस वर्षे. एका रुग्णाच्या रक्ताने दाखवून दिलेल्या प्रथिनाचे नेमके काम ठरवायला इतका काळ गेला, आणि अजूनही त्यावर शेवटचा शब्द झालेला नाही.

या प्रथिनाचा प्रभाव मात्र जगभर दिसतो. प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांवर सावळ्या, काळ्या माणसांत सोनेरी केसांची मुले जन्मतात. २०१२ मध्ये कळले की त्यांच्या जीपी-७५ मधले एकच अमिनो आम्ल बदललेले असते. आणि टिकलीच्या गोंदातल्या त्या ब्युटिलफिनॉलचे म्हणाल तर २००६ मधल्या प्रयोगांत असे दिसले की रंगपेशीत हे प्रथिन असले तर ती त्या रसायनाला अधिक बळी पडते. न्यूयॉर्कमधल्या रुग्णाच्या गाठीतून वेचलेले प्रथिन आपल्याकडच्या बाईच्या कपाळावरच्या डागात भेटते, ते असे.

इथे थोडे थांबून मला एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे. विकराची क्रिया मोजताना तो कुणाचा विकर, हे विचारल्याशिवाय त्या मोजमापाला अर्थ नसतो. त्वचा उजळ करण्याच्या मलमांसाठी टायरोसिनेज रोखणारी रसायने शोधतात ती बहुतेक वेळा अळंबीच्या टायरोसिनेजवर, कारण तो स्वस्तात मिळतो. २०१८ मध्ये जर्मन संशोधकांनी मानवी टायरोसिनेज बनवून सुमारे ५० हजार रसायने त्यावर तपासली, तेव्हा अळंबीच्या जोरावर नावाजलेले कोजिक आम्ल आणि हायड्रोक्विनोन दोन्ही माणसाच्या विकरावर कमजोर निघाले. अळंबी, उंदीर आणि माणूस यांची प्रथिने सारखी दिसतात म्हणून सारखे वागतील हे गृहीत धरल्याने किती संशोधन, किती पैसा आणि किती रुग्णांची आशा वाया गेली असेल! मला याची मनापासून चीड येते, कारण प्रश्न साधा आहे आणि तो वेळेवर विचारता येतो.

आता ओळखीच्या बाजूकडे येतो. रोगप्रतिकारक यंत्रणेने गाठ ओळखावी ती कशावरून? ब्रुसेल्समध्ये थिअरी बून यांच्या गटाने १९९१ मध्ये मेलॅनोमावरचा, या यंत्रणेतल्या टी-पेशींना ओळखू येणारा पहिला प्रतिजन जनुकासह दाखवला, आणि १९९३ मध्ये त्याच गटाने दाखवले की रुग्णांच्या टी-पेशी टायरोसिनेजचेच तुकडे ओळखतात. टी-पेशीला अखंड प्रथिन दिसत नाही. पेशी आपल्या प्रथिनांचे नऊ-दहा अमिनो आम्लांचे तुकडे करून पृष्ठभागावर मांडते, ते टी-पेशी पाहते. टायरोसिनेजच्या अशाच एका नऊ अमिनो आम्लांच्या तुकड्यात एक कोडे होते. जनुकाप्रमाणे तिसऱ्या जागी अॅस्पॅराजीन असायला हवे. १९९६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गाठीच्या पेशींवरून तो तुकडा प्रत्यक्ष उतरवून घेतला, तर तिथे अॅस्पार्टिक आम्ल होते. जनुकात नसलेले अक्षर प्रथिनात आले कुठून?

उत्तर टायरोसिनेजच्या अपयशात सापडते. त्याची घडी पेशीतल्या जाळीदार कारखान्यात घातली जाते आणि तिथेच त्याला साखरेच्या साखळ्या लागतात. मेलॅनोमाच्या अनेक पेशींत ही घडी नीट बसत नाही. हलाबान यांच्याच गटाने १९९७ मध्ये दाखवले की काही गाठींत टायरोसिनेज तयार होतो, पण त्या कारखान्यातच अडकून पडतो आणि नष्ट केला जातो. म्हणून ती गाठ काळी नसते, गुलाबी किंवा मांसल दिसते, आणि त्यामुळेच तिच्याकडे दुर्लक्ष होते. अडकलेले प्रथिन बाहेर ओढून मोडताना एक दुसरा विकर त्याची साखर छाटतो, आणि त्या छाटण्याच्या रासायनिक क्रियेतच अॅस्पॅराजीनचे अॅस्पार्टिक आम्ल होते. टी-पेशी नेमके तेच बदललेले अक्षर ओळखतात. पुन्हा पाहा: जो टायरोसिनेज नीट काम करतो तो मेलॅनोसोममध्ये जाऊन बसतो, आणि जो कामाला येत नाही त्याच्या मोडतोडीतून शत्रू ओळखण्याची खूण तयार होते. अशा पेशीवर ब्लोखची डोपा चाचणी करा, काळा रंग येणार नाही. तीच पेशी टी-पेशींसमोर ठेवा, त्या तिला मारतील. क्रिया शून्य, ओळख पक्की.

जीपी-७५ ची तऱ्हा त्याहून नवलाची. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटाला १९९६ मध्ये आढळले की एका रुग्णाच्या टी-पेशी ज्या तुकड्यावर चालून जातात तो जीपी-७५ चा भागच नाही. त्याच जनुकाचा संदेश अक्षर सरकवून वेगळ्या चौकटीत वाचला तर जी छोटी शृंखला बनते, तिचा तो तुकडा. तिला कसलेच ज्ञात काम नाही. आणि २०१७ मध्ये फ्रान्समधल्या रेन शहरातून आणखी एक शोधनिबंध आला. ज्या गाठींत या जनुकाचा संदेश-आरएनए खूप असतो त्या रुग्णांचे भविष्य वाईट, हे आधी दिसले होते, पण प्रथिनाच्या प्रमाणावरून त्याचा उलगडा होत नव्हता. कारण असे निघाले की तो संदेशच एका सूक्ष्म-आरएनएला पकडून ठेवतो आणि गाठीच्या वाढीला आवर घालणारा तो सूक्ष्म-आरएनए आपल्या कामावर पोहोचतच नाही. प्रथिन बनले काय आणि न बनले काय, संदेशाने आपले नुकसान करून ठेवलेले असते. वर्षानुवर्षे ज्याच्या विकरक्रियेवर वाद चालला त्या प्रथिनाचा रोगाशी संबंध निघाला तो असा, आडवाटेने.

मग या ओळखीचा उपचाराला उपयोग झाला का? हॉटन यांच्या प्रयोगशाळेत काळ्या उंदरांना त्यांचेच जीपी-७५ टोचले तेव्हा काही झाले नाही. शरीर स्वतःचे प्रथिन सहन करते. तेच प्रथिन कीटकपेशींत बनवून, म्हणजे किंचित परके करून टोचले, तेव्हा उंदरांनी मेलॅनोमा परतवला, आणि त्यांच्या काळ्या अंगावर पांढरे केस उगवले. कुत्र्यांच्या तोंडात मेलॅनोमा पुष्कळ होतो; त्यांच्यासाठी मानवी टायरोसिनेजच्या डीएनएची लस बनली आणि २००७ मध्ये अमेरिकेत तिला सशर्त परवाना मिळाला. तिच्या उपयोगाबद्दल पशुवैद्यांत एकमत नाही. माणसांत निव्वळ लशींनी फारसे साधले नाही. यश आले ते टी-पेशींचा लगाम सोडणाऱ्या प्रतिपिंडांनी, ज्यांतले पहिले २०११ मध्ये मान्य झाले. त्या उपचारात काही रुग्णांच्या अंगावर कोडासारखे डाग येतात, आणि ज्यांना ते येतात त्यांची प्रकृती सरासरीने अधिक सुधारते असे अभ्यास सांगतात.

कोडाबद्दल आपल्या समाजात जी क्रूरता आहे ती मी इथे उगाळत नाही. पण २०१० चा एक निष्कर्ष मला या सभागृहात सांगायलाच हवा. टायरोसिनेजच्या जनुकाचा एक प्रकार युरोपीय वंशाच्या लोकांत कोडाची शक्यता वाढवतो, आणि तोच प्रकार मेलॅनोमाची शक्यता कमी करतो. ज्याच्या अंगावर डाग आहेत त्याची प्रतिकारयंत्रणा रंगपेशींवर अधिक कडक पहारा देत असावी, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. लग्नाच्या बाजारात ज्याला दोष म्हणून लपवतात, त्याच्यामागे हे रसायनशास्त्र आहे.

आता तिसरे विधान, जिथे गाठ खरोखरच विकराच्या क्रियेवर जगते. त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण रंगाच्या विकरांत नाहीच. ते आहे बी-रॅफ नावाच्या प्रथिनात. हा कायनेज, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवणारा विकर. पेशीला बाहेरून ‘वाढ’ असा निरोप आला की तो निरोप आत पोहोचवणाऱ्या साखळीतला एक दुवा. २००२ मध्ये इंग्लंडमधल्या सँगर संस्थेच्या गटाने कळवले की मेलॅनोमांत हे जनुक फार मोठ्या प्रमाणात बिघडलेले असते. पुढच्या मोजणीत ते प्रमाण सुमारे निम्मे ठरले. बिघाड बहुतेक ठिकाणी एकच: ६०० व्या जागी व्हॅलीनऐवजी ग्लुटामेट. प्रथिनाचा जो भाग एरवी मिटून बसतो तो या बदलाने उघडा राहतो आणि विकराची क्रिया मूळच्या सुमारे ५०० पट होते. बाहेरून निरोप नसताना पेशीला सतत ‘वाढ, वाढ’ असे ऐकू येत राहते.

इथे तरी विधान सरळ असावे, असे वाटते. पण २००३ मध्ये साध्या तिळांची तपासणी झाली, तेव्हा बहुतांश तिळांत हाच बिघाड सापडला. आपल्यापैकी कित्येकांच्या अंगावर असा तीळ आहे आणि तो आयुष्यभर तीळच राहणार आहे. विकर मोकाट सुटला तर पेशी काही काळ वाढते आणि मग स्वतःच थांबते. पुढे जायला आणखी बिघाड लागतात. म्हणजे क्रिया आवश्यक आहे, पुरेशी नाही.

ती आवश्यक आहे, याची परीक्षा औषधाने झाली. व्हेम्युराफेनिब हे औषध या बिघडलेल्या बी-रॅफच्या खोबणीत बसते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६७५ रुग्णांच्या चाचणीत ते घेणाऱ्या ४८ टक्के रुग्णांच्या गाठी आकसल्या. डकार्बाझिन या जुन्या औषधावर ५ टक्के. ज्या आजाराला दहा-दहा वर्षे काही लागू पडत नव्हते, त्यात हे आकडे पाहून डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आले असेल तर नवल नाही. पण बहुतेकांत सहा-सात महिन्यांत गाठ परतली. निरोपाने दुसरी वाट शोधली होती. आणि आणखी एक विपरीत गोष्ट घडली. सुमारे पाचातल्या एका रुग्णाच्या अंगावर नवा त्वचेचा कर्करोग उगवला, मेलॅनोमा नव्हे, खवलेपेशींचा. ज्या पेशींत बी-रॅफ शाबूत असतो तिथे हेच औषध एका रेणूला अडवते आणि जोडीच्या दुसऱ्याला चेतवते. आधीच त्याच साखळीतल्या रॅस जनुकात बिघाड असलेल्या त्वचेच्या पेशींना तेवढे निमित्त पुरते. विकर रोखायला दिलेल्या औषधाने शेजारच्या पेशीत त्याच विकराची क्रिया वाढवली. साखळीतल्या पुढच्या दुव्याला, मेकला, रोखणारे औषध जोडीला दिल्यावर हे नवे कर्करोग खूप कमी झाले आणि गाठ परतायलाही वेळ लागू लागला. २०१४ पासून ही जोडी रूढ आहे.

नुसती खूण ठरणारा विकर म्हणून लॅक्टेट डिहायड्रोजिनेजचा उल्लेख ओझरता करतो. मेलॅनोमा किती पसरला हे ठरवताना रक्तातले याचे प्रमाण आवर्जून पाहतात. हा विकर शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतो. पेशी मोठ्या संख्येने मरू लागल्या की रक्तात उतरतो. खूण म्हणून उपयुक्त, आणि त्यावरून गाठीच्या स्वभावाचा कार्यकारणभाव काढणे धोक्याचे.

शेवटी आपल्याकडची परिस्थिती. भारतात मेलॅनोमा विरळा आहे, लाखामागे एकाहूनही कमी. ऑस्ट्रेलियात हेच प्रमाण लाखामागे ३० च्या वर जाते. पण जो होतो त्यातला मोठा वाटा तळपायावर, नखाखाली, तोंडाच्या किंवा गुदद्वाराच्या अस्तरात असतो, जिथे ऊन पोहोचत नाही. तळपायावरचा काळा डाग कुरूप समजून कापला जातो, त्यावर पट्ट्या लावल्या जातात, नखाखालचा मार लागला म्हणून सोडून दिला जातो. रुग्ण येतो तोवर जांघेत गाठ आलेली असते. आणि या प्रकारात बी-रॅफचा तो प्रसिद्ध बिघाड कमी आढळतो. म्हणजे पाश्चात्त्य देशांत निम्म्या रुग्णांना लागू पडणारे औषध आपल्या रुग्णांतल्या खूपच कमी लोकांच्या कामाचे.

२००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दिसले की तळपायाच्या आणि श्लेष्मल अस्तराच्या मेलॅनोमांत काही वेळा किट नावाचे जनुक बिघडलेले असते. किट हाही कायनेज, रंगपेशीच्या पडद्यावर बसलेला. भ्रूणात रंगपेशींना त्वचेपर्यंत पोहोचवणारा आणि पुढे त्यांना जगवणारा. जन्मतः कपाळावर पांढरी बट असणाऱ्या माणसांत पुष्कळदा याच जनुकाचा दोष असतो. किटला रोखणारे इमॅटिनिब हे औषध आपल्याकडे रक्ताच्या कर्करोगासाठी वर्षानुवर्षे दिले जाते. त्याच्या नव्या स्फटिकरूपावरचे पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारले आणि भारतीय बनावटीचे इमॅटिनिब सामान्य रुग्णाच्या आवाक्यात राहिले. रक्ताच्या कर्करोगासाठी ते घेणाऱ्या अनेकांची त्वचा फिकट होते, आणि सावळ्या माणसांत ते घरच्यांच्याही लक्षात येते. किट शरीरभर आपले काम करत असतो, त्याचा तो पुरावा चेहऱ्यावरच उमटतो.

मेलॅनोमात हे औषध तपासले गेले तेव्हा सगळ्या किट-बाधित रुग्णांना सारखा उपयोग झाला नाही. ज्यांच्या गाठीत किटच्या प्रती फक्त वाढलेल्या होत्या, म्हणजे प्रथिन नुसते जास्त होते, त्यांना फारसा फायदा दिसला नाही. ज्यांच्यात ठराविक जागी बिघाड होऊन विकर आपणहून चालू झाला होता, त्यांच्यापैकी काहींच्या गाठी आकसल्या. प्रथिनाच्या भरपूर असण्याने औषध लागू पडत नाही. त्याच्या मोकाट क्रियेने पडते. हा भेद करायला काढलेल्या गाठीचा मेणात जपलेला ठोकळा पुरतो. त्यातून बी-रॅफ आणि किट दोन्हींची तपासणी होते, आणि ती मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत आज उपलब्ध आहे. तळपायाच्या गाठीचा अहवाल हातात आला आणि त्यावर नुसते ‘मेलॅनोमा’ लिहिले असेल, तर तो ठोकळा परत मागून घ्या आणि डॉक्टरांना या दोन्ही तपासण्यांबद्दल विचारा.